बांधावरून समुद्रापर्यंत

मी समुद्र पाहिलेला नाही. तापीला पूर आला की पलीकडचा काठ दिसेनासा होतो, तेवढंच मोठं पाणी माझ्या डोळ्यांना माहीत. आमची केळी मात्र समुद्रावरून परदेशात जातात. पॅकिंगच्या शेडमध्ये फण्या धुऊन खोक्यात भरताना मला वाटायचं, एकदा बंदर सुटलं की पुढं सगळं मोकळं पाणी. तिथं कोण कोणाला अडवणार?

तसं नसतं, हे मला मुलीमुळे कळलं. ती जळगावला वकिलीचं शिकते. परीक्षेच्या आधी आठवडाभर ती गावी आली होती. संध्याकाळी ओट्यावर बसून ती मोठ्यानं वाचायची आणि मी शेजारी दाळ निवडत ऐकायची.

त्या आठवड्यात माझ्या जिवाला घोर होता. आमच्या मळ्याला रस्ता नाही. रस्ता आणि मळा यांच्या मध्ये माझ्या जेठांचं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचं शेत आहे, त्यांच्या बांधावरूनच आमचा ट्रॅक्टर जातो. मागच्या साली आमच्या मजुरांनी ट्रॅक्टर त्यांच्या बागेत उभा केला, तिथंच जेवायला बसले आणि निघताना चाकाखाली ठिबकच्या नळ्या चिरडल्या. चूक कबूल करायची सोडून आमचे हे म्हणाले, "नळीच तर होती." तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. यंदा माल कापायला आला आणि जेठांनी बांधाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. कंटेनर गुरुवारी येणार होता. परदेशी जाणारा माल हिरवा, कडक असतानाच कापावा लागतो. चार दिवस गेले की घड झाडावरच पिवळे पडायला लागतात, मग ते जहाजाच्या कामाचे राहत नाहीत.

मी जाऊन विनवलं असतं. पण आमच्या घरात धाकट्या सुना जेठांशी बोलत नाहीत. बावीस वर्षांत मी त्यांच्यासमोर एक शब्द काढलेला नाही. काही सांगायचं असलं की पोरांच्या तोंडून सांगायचं. आणि त्यांचा ओटा आमच्या ओट्याला लागून, मध्ये फक्त कमरेएवढी भिंत.

सोमवारी मुलगी वाचत होती. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी त्या त्या देशाचं. पण दुसऱ्या देशाचं जहाज त्यातून जाऊ शकतं. त्याला निरुपद्रवी गमन म्हणतात. जहाजानं न थांबता जायचं, मासे धरायचे नाहीत, घाण टाकायची नाही, कोणाला धाक दाखवायचा नाही. एवढं पाळलं तर किनाऱ्याच्या देशानं त्याला अडवायचं नाही.

माझे हात सुपातच थांबले. पाण्यावर हद्दीचा दगड रोवता येत नाही. आमच्याकडे दगड रोवूनही तो सरकतो. आणि तिथं, ज्यांना एकमेकांची भाषा येत नाही अशा माणसांनी बसून ठरवलं, की तू माझ्या दारातून जा, फक्त काही मोडू नकोस.

भिंतीपलीकडे जेठांच्या पेपरची पानं वाजली.

"ते पान परत वाच," मी मुलीला म्हटलं. "मोठ्यानं."

"माय, आता तर वाचलं! परीक्षा तुले द्यायची की मले?"

"मोठ्यानं वाच म्हटलं ना."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि हसू दाबून असं वाचलं की गल्लीतली कुत्री उठून बसली. पलीकडचा पेपर वाजायचा थांबला.

"अन् ते जहाज मधीच थांबलं तं?" जेठांनी विचारलं. आमच्याकडे न बघता.

मुलगी पान शोधायला लागली. मला आठवत होतं. मी तिच्या कानात सांगितलं आणि तिनं भिंतीवरून सांगितलं, "अडचण आली तरच थांबता येतं, आबा. नाहीतर कोणाला वाचवायला."

"जेवायले?"

"जेवायला नाही."

"हं." मग पुन्हा, "ज्या देशाले समुद्रच नाही, त्यानं काय करावं? चारी बाजूंनी जमीन."

"त्यालाही समुद्रापर्यंत जायचा हक्क आहे. मधल्या देशातून वाट मिळते. कुठून जायचं, कसं जायचं, ते दोघांनी बोलून ठरवायचं."

"बोलून," जेठ म्हणाले. मग घडी घातलेल्या पेपराचा आवाज आला आणि ते आत गेले.

त्या संध्याकाळी मी पुढचंही ऐकलं. किनाऱ्यापासून दोनशे मैलांपर्यंत मासळीवर त्या देशाचा हक्क, त्यापुढचं पाणी कोणाचंच नाही. आणि तिथला तळ सगळ्या माणसांचा मिळून. "माझासुद्धा?" मी विचारलं. "तुझासुद्धा," मुलगी म्हणाली. माझ्या नावावर वीतभर जमीन नाही.

मंगळवार गेला. बुधवारी काट्या तशाच होत्या. कंटेनर पाठवू नका म्हणून सांगायला आमच्या ह्यांनी व्यापाऱ्याला फोन करायला घेतला, मी म्हटलं, सकाळपर्यंत थांबा.

गुरुवारी उजाडताच गेलो तर काट्या बाजूला ओढलेल्या, आणि जेठ काठी घेऊन बांधावर उभे. ट्रॅक्टर आला तसे ओरडले, "थांबायचं नाही! नळीवर चाक नाही! सरळ निघायचं!"

दुसऱ्या खेपेला ओल्या जागी मागचं चाक रुतलं. घडांनी भरलेली ट्रॉली कलली. मजूर घाबरून जेठांकडे बघायला लागले. त्यांनी काठी टाकली, धोतर खोचलं आणि ट्रॉलीला खांदा लावला. आमच्या ह्यांनी दुसऱ्या बाजूनं लावला. वर्षभरानं जेठ त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले, "बघतो काय नुसता? जोर लाव!"

चाक निघाल्यावर हे खाली बघत म्हणाले, "भाऊ, नळीचं माझं चुकलं."

"माहीत आहे मले. चल, ऊन होतं."

दुपारी कंटेनरचं दार लागायच्या आधी मी आत हात घालून पाहिला. आत थंडगार होतं. ज्या देशांची नावं मला धड वाचता येत नाहीत, त्यांच्या दारांवरून ही खोकी जाणार होती, आणि कोणी काट्या टाकणार नव्हतं.

संध्याकाळी मुलगी जळगावला परत गेली. मी ओट्यावर एकटीच होते. भिंतीपलीकडून जेठांनी विचारलं, "पोचली का केळी?"

सांगायला मध्ये पोर कोणीच नव्हतं. मी पदर पुढं ओढला.

"नाही, आबा," मी म्हटलं. "अजून बंदरसुद्धा यायचं आहे."