फाटलेली शिरोरेघ

बरीच वर्षं झाली, पण शाळेच्या खोट्या दाखल्यावरची ती एक ओळ अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

दहावीनंतर शाळा सोडून मी कोकणातून मुंबईला आलो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत उपनिरीक्षकापर्यंत पोचलो. खात्याने मला खूप दिलं. पण कागद हातात आला की एकच धास्ती असायची. यातलं आपल्याला कळलं नाही तर? त्यामुळे मी सरसकट सगळ्यांवर संशय घ्यायचो. ते सोपं जायचं.

एका दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "चारकोपला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पहिल्या माळ्यावर डीटीपीचं दुकान आहे. तिथली बाई शाळेचे खोटे दाखले बनवते. मालक बिचारा भोळा, त्याला काही ठाऊक नाही."

स्टेशन डायरीत नोंद केली, पंच घेतले आणि निघालो.

दुकानात एकच कॉम्प्युटर. त्यात बाईंच्या नावाचा फोल्डर, आणि फोल्डरमध्ये एका शाळेच्या दाखल्याचा कोरा नमुना. टेबलाच्या खणात छापलेले तीन दाखले. पंचनामा करून सगळं जप्त केलं. मालकाने जबाब दिला, "साहेब, मी फक्त गिऱ्हाइकं बघतो. कॉम्प्युटर चालू-बंद करण्यापलीकडे मला काही येत नाही."

बाई पन्नाशीच्या होत्या. ठाण्यात आणून महिला हवालदारासमोर बसवलं तरी रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. निर्दोष माणूस इतका शांत बसतो का? माझा संशय पक्का झाला. अटकेचे कागद तयार होते, सही तेवढी राहिली होती.

"तो दाखला एकदा दाखवता का?" त्या म्हणाल्या.

दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि शाळेच्या नावावर बोट ठेवलं. "हे बघा. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ जागोजागी फाटलीय."

"मग?"

"ओळ दोन्ही मार्जिनांपर्यंत भरत नव्हती, म्हणून अक्षरांमधलं अंतर ताणलंय. इंग्रजीत खपून जातं. आपल्या मराठीत शिरोरेघ तुटते ना! मी ओळ भरायची तर शब्दांमधली जागा वाढवते, नाहीतर पॉइंट वाढवते, म्हणजे अक्षर मोठं करते. बावीस वर्षांत रेघ तोडली नाही मी."

"बाई, गुन्हा करणारा पद्धत बदलतो."

"बदलेल ना. पण दाखला खरा वाटायला हवा की नको? चांगलं काम येत असताना मी मुद्दाम घाण करून कशाला देईन?"

मी दाखला पुन्हा उजेडात धरला. तेवढ्यात त्यांचा धीर सुटला आणि बोली पालटली. "ह्यां माजां काम न्हय, सायबानू. आज हय माजां नाव लागलां तर उद्या इस्टेटीत माका कोण उभां करतलो?"

गावाकडची बोली ऐकून मी उलट सावध झालो. आपलं माणूस वाटलं की फसायला होतं. तरीही मी सही केली नाही. पंचांना घेऊन पुन्हा दुकानात गेलो.

त्या धंद्याची एक रीत आहे. छपाईआधी कच्ची प्रत, म्हणजे प्रूफ, गिऱ्हाइकाला दाखवून त्यावर त्याची सही घ्यायची. बाई ही प्रूफं तारेत ओवून ठेवत. मी खाली बसून एकेक पाहत गेलो. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायटीच्या नोटिसा. एकाही ठिकाणी रेघ फाटलेली नव्हती. पण वाईट प्रूफं काढून टाकली असतील तर? मान अवघडली म्हणून वर पाहिलं.

मालकाच्या खुर्चीमागे भिंतीवर सत्यनारायणाच्या पूजेचं निमंत्रण फ्रेम करून लावलं होतं. मथळ्याची शिरोरेघ अक्षरागणिक फाटलेली.

मी मालकाला सहज म्हणालो, "झकास आहे हो! बाईंनी केलं?"

"ह्यॅ! तिला कुठे असं जमतंय? रविवारी एकटा बसून मीच केलं."

पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा जबाब काढून त्याच्यासमोर ठेवला. "आणि कॉम्प्युटर येत नाही ना तुम्हाला?"

पुढचा तास तो पाणीच पीत होता. मग बोलला. त्याने दिलेला एक दाखला एका कंपनीत पकडला गेला होता आणि तो घेणारं गिऱ्हाईक त्याचं नाव घ्यायच्या बेतात होतं. म्हणून नमुना बाईंच्या फोल्डरमध्ये टाकून त्याने स्वतःच आवाज बदलून आम्हाला फोन केला होता. निमंत्रण आणि दाखले तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवले. अहवालही त्याच्या कबुलीशी जुळणारा आला.

मालकाला काय ठाऊक नाही हे फोन करणाऱ्याला कसं ठाऊक, एवढा साधा प्रश्न मला पहिल्या दिवशी पडला नव्हता. मी संशय खूप घेतला, पण तो दुसऱ्याने बोट दाखवलं त्या दिशेलाच. बाईंनी मला ओळीकडे बघायला शिकवलं नसतं तर माझ्या एका सहीने त्यांची बावीस वर्षं पुसली गेली असती. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही.

निवृत्तीच्या समारंभाची पत्रिका मी त्यांच्याकडेच दिली. त्या आता बोरिवलीत दुसऱ्या दुकानात होत्या. त्यांनी प्रूफ पुढे सरकवलं. "वाचा आणि सही करा, साहेब. सहीनंतरची चूक तुमची."

मी पेन काढलं, परत खिशाला लावलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागलो.

"अजून संशय आहे माझ्यावर?" त्या हसल्या.

"तुमच्यावर नाही," मी म्हणालो. "माझ्या सहीवर."