घासलेलं गाडगं

जिल्ह्याच्या संग्रहालयात परवा एक संशोधन करणारी पोरगी जुन्या गाडग्याच्या आतला काळा थर चिमट्यानं हळूहळू सोडवत होती. मी म्हटलं, "बाई, घासून टाक की सरळ!"

ती हसली. "आजोबा, हे करपलेलं अन्न आहे. ती माणसं काय खात होती, ते यावरूनच कळेल."

शेजारी माझं गाडगं होतं. माझ्या शेतात विहीर खणताना निघालेलं, मीच आणून दिलेलं. छाती काढून म्हटलं, "मग ह्याचं सांग."

"ह्याचं नाही कळत. कुणीतरी चकाचक घासलंय."

कुणीतरी म्हणजे मीच. खरकटं भांडं दुसऱ्याच्या दारी कसं न्यायचं, म्हणून राख आणि काथ्या घेऊन बसलो होतो. बायको म्हणत होती, राहू द्या तसंच. मी कुणाचं ऐकतो होय?

कुठल्या काळातली कोण बाई, चुलीवर तिचं कालवण लागलं असेल, ती हळहळली असेल. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं जगात. ते मी मोरीत सोडलं.

पोरीला सांगून टाकलं, "मीच घासलं." ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझं गाडगं दोन्ही हातांनी उचलून फडताळात ठेवलं आणि विचारलं, "आजोबा, चहा घेणार?"