शनीची वाकडी रेघ

ओळंबेकाका कुणाच्याही घरी आले की आधी भिंतींकडे पाहायचे. पाणी, चहा, "कसे आहात" हे सगळं नंतर. डावा डोळा मिटायचे, उजवा बारीक करायचे आणि निकाल द्यायचे, "कॅलेंडर अर्धा अंश डावीकडे झुकलंय." मग स्वतःच उठून ते सरळ करायचे आणि तेव्हा कुठे खुर्चीत टेकायचे. दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत त्यांनी हात न लावलेली एकही फ्रेम नसेल.

त्यांचं आडनाव गायकवाड, मूळचे नगरचे. केंद्र सरकारच्या मोजणी खात्यात सगळी नोकरी झाली. पितळेचा एक ओळंबा कायम खिशात असायचा, म्हणून हे नाव पडलं. दिल्लीत वाढलेल्या माझ्या लेकीला तो शब्दच ठाऊक नव्हता. "ये क्या है काका, लट्टू?" तिनं विचारलं होतं. काकांनी दोरी धरून तो तिच्यासमोर लोंबता सोडला आणि थांबेपर्यंत तिला गप्प बसवलं. "आता बघ. पृथ्वी सांगते सरळ म्हणजे काय ते. आपण फक्त ऐकायचं."

मोजणीतली एक गोष्ट ते सारखी सांगत. कोन मोजताना एकदा वाचन घ्यायचं, मग यंत्र उलट फिरवून पुन्हा घ्यायचं. चूक यंत्रात असेल तर तीही उलटते आणि पकडली जाते. "एकदा पाहिलं ते दिसलं. फिरवून पाहिलं ते खरं," असं म्हणत ते भाजीवाल्याचा तराजूसुद्धा पारडी बदलून तपासायचे. काकू लाजेनं दुसरीकडे बघायच्या. "अहो, पाव किलो भेंडी आहे ती, पूल नाही बांधायचा," त्या म्हणायच्या.

निवृत्तीनंतर त्यांनी दुर्बीण घेतली. आमचे फ्लॅट शेजारी-शेजारी, आणि ऑफिसातून आल्यावर पाय मोकळे करायला मी गच्चीत जायचे, त्यामुळे त्यांची एकमेव विद्यार्थिनी मीच. विमानतळ जवळ, दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान. धुरामुळे तारे दिसण्याची बोंब. पण काकांचं म्हणणं, "ग्रहांना धुराचं भय नाही. थंडीतली ही जड हवा हलत नाही, त्यामुळे चित्र थरथरत नाही. दिल्लीला देवानं एवढं एक दिलंय."

गेल्या वर्षी ते शनीची वाट पाहत होते. पंधरा वर्षांनी एकदा शनीची कडी आपल्याला नेमकी कडेनं दिसते, म्हणजे कडं दिसतच नाही, गोळ्याच्या दोन्ही बाजूंना एक बारीक सरळ रेघ दिसते. "मोजणीवाल्यासाठीच केलेली सोय," ते हसून म्हणत.

त्याच वर्षी गणपतीत ते आमच्याकडे आले आणि माझ्या सासऱ्यांच्या फोटोकडे बघून म्हणाले, "वाकडा आहे." उठून त्यांनी तो हलवला. मी पाहत होते. फोटो सरळ होता, त्यांनी तो वाकडा केला. म्हातारा माणूस, घरी पाहुणे, काय बोलायचं? "थँक्यू काका," मी म्हटलं आणि ते गेल्यावर फोटो पुन्हा नीट लावला. दिवाळीत पुन्हा तेच. या वेळी फोटो आणि आरसा, दोन्ही. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "काकांचं काहीतरी बिनसलंय." तो म्हणाला, "वय झालंय यार, छोड ना." मीही सोडून दिलं. पण आत कुठेतरी खुपत राहिलं. जिन्यात काका भेटले की मी त्यांच्या पायांकडे पाहायचे, पायरी चुकतेय का म्हणून.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी कॅमेरा मागवला. ग्रहांसाठीचा खास कॅमेरा, हातात मावणारं एक नळकांडं. दुर्बिणीचं डोळा लावायचं भिंग काढून तिथे ते बसवायचं, तार लॅपटॉपला जोडायची, आणि ग्रह पडद्यावर. इतकी वर्षं "डोळ्यासारखं यंत्र नाही" म्हणणाऱ्या माणसाला कॅमेरा कशाला, असं मी विचारलं. "हल्ली भिंगातून स्पष्ट येत नाही. धूर वाढलाय," ते म्हणाले. धुराचं भय नाही म्हणणारे काका.

पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला आम्ही गच्चीत होतो. काकू स्वेटरवर शाल घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. पडदा काळा. कॅमेऱ्याला आकाशाचा इतका लहान तुकडा दिसतो की शनी त्यात आणणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. काका दुर्बीण केसभर सरकवायचे, मी पडद्यावर नजर ठेवायची. पाऊण तास गेला. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. नवीन खेळण्याची घाई मी ओळखते. ही तशी नव्हती. निकालाची वाट पाहणारा माणूस असाच दिसतो.

मग एक फिकट, फुगलेला गोळा पडद्यावर सरकत आला. "आला! काका, आला!" मी ओरडले. त्यांनी चाकी फिरवत नेली, गोळा आक्रसत गेला, आणि एकदम शनी. पिवळट, पाण्यात तरंगावा तसा हलणारा, आणि मधून आरपार गेलेली बारीक रेघ. माझ्या अंगावर काटा आला.

काका लॅपटॉपसमोर आले. डावा डोळा मिटला. बराच वेळ पाहत राहिले.

"दोष आहे कॅमेऱ्यात," ते म्हणाले. "रेघ मधे वाकतेय. परत पाठवू."

मी पुन्हा पाहिलं. रेघ सरळ होती. मी काकूंकडे पाहिलं, त्या माझ्याकडेच पाहत होत्या.

"फिरवून बघू," काका पुटपुटले. त्यांनी कॅमेरा त्याच्या जागी पाव वळसा फिरवला. पडद्यावर आडवी रेघ उभी झाली. "अजून वाकडीच." दुर्बीण जराशी हलवून त्यांनी शनी पडद्याच्या कोपऱ्यात नेला. "इथेही." मग त्यांची नजर शनीवरून लॅपटॉपच्या कडेवर गेली आणि तिथेच थांबली. "हीही वाकतेय." ती प्लास्टिकची कड कुठल्याही कॅमेऱ्यातून आलेली नव्हती.

"वैशाली," ते अगदी हळू म्हणाले, "रेघ सरळ आहे का? काय दिसतं ते सांग. मला काय ऐकायचंय ते नको."

मी रेघेकडे पुन्हा एकदा नीट पाहिलं. "सरळ आहे, काका." आणि मग थांबवेना. "माझ्या सासऱ्यांचा फोटोही सरळच होता. गणपतीतही आणि दिवाळीतही."

त्यांनी उजवा डोळा हातानं झाकला आणि डावा उघडला. आयुष्यभर उजव्यानंच पाहिलेला माणूस. क्षणभर पाहिलं आणि खाली बसले. "सरळ आहे," ते म्हणाले. "यंत्र बरोबर आहे. पाहणारा बिघडलाय."

काकू उठून त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. काका माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर कधी चिडले नव्हते. "तीन महिने तुला ठाऊक होतं? एका माणसानं भिडेपोटी खोटं वाचन लिहिलं ना, की पूल पलीकडच्या काठाला लागत नाही." मग आवाज खाली आला. "आणि मी कोणत्या तोंडानं बोलतोय? मलाही संशय होताच. डोळा झाकून बघायची हिंमत होत नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर डोळ्यांच्या हॉस्पिटलात गेले. उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे, नजरेच्या ऐन मध्यावर रक्त झिरपत होतं. "दो-तीन महीने पहले आ जाते तो..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य पूर्ण केलं नाही. मी ते रोज पूर्ण करत राहिले. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. झिरपणं थांबलं, पण उजव्या डोळ्याचा मध्य गेला तो गेलाच. डावा चांगला होता, पण त्यालाही हे होऊ शकतं, आणि झालं तर एकेक दिवस मोलाचा, असं डॉक्टरांनी बजावलं.

हॉस्पिटलच्या बाकावर मी काकांची माफी मागितली. त्यांनी डोळ्यावरची पट्टी सावरली. "माफीनं काय होणार? त्यापेक्षा शनिवारी गच्चीत ये. माझा शनी राहिलाय."

त्या हिवाळ्यात आम्ही तो टिपला. काका जोडणी करायचे, पाहायचं काम माझं. दोन मिनिटांचा व्हिडिओ, त्यात हजारो चित्रं, त्यातली कमीत कमी थरथरलेली निवडून एकावर एक रचायची. "छान आलंय" म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. "छान हे वाचन नव्हे. रेघ कुठे तुटते ते सांग." नाताळला काकूंच्या करंज्या खात आम्ही शेवटचं चित्र निवडलं.

मार्चमध्ये ते नाशिकला मुलीकडे राहायला गेले. ट्रकमध्ये सामान चढत होतं आणि काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे मला घाबरवायला नको म्हणून लपवतील बघ. तू विचारत जा गं." डॉक्टरांनी एक चौकटींचा कागद दिला होता. रोज सकाळी एकेक डोळा झाकून त्याकडे बघायचं, रेघा हलल्या तर ताबडतोब दवाखाना. मी काकांना म्हटलं, रोज आठला मला फोन करायचा. "ऑफिसचं रजिस्टर आहे की काय?" ते हसले. पण फोन यायचा. "सगळ्या सरळ," एवढंच बोलून बंद. फोनला पाच मिनिटं उशीर झाला तरी माझ्या हातातला डबा भरायचा राहायचा.

गेल्या मंगळवारी आठला फोन आला नाही. सव्वाआठलाही नाही. मी मेट्रोच्या जिन्यावर होते तेव्हा आला. मागे गाड्यांचा गोंगाट.

"डाव्या डोळ्यात एक रेघ हललीय," काका म्हणाले. "खालून चौथी."

तोंडावर आलेलं 'काही नाही होणार, काका' मी गिळलं. "कधीपासून?"

"आज सकाळपासून. काल सरळ होती, मी दोनदा पाहिलं होतं."

"मग आत्ता निघा."

"निघालोय. रिक्षात बसूनच बोलतोय. काकू शेजारी आहे, तिलाही सांगितलंय."

मी ऑफिसात पोचले, फायली उघडल्या, एकही ओळ वाचली नाही. दीड वाजता काकूंचा फोन आला. इंजेक्शन दिलं होतं. "वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले गं," त्या सांगत होत्या, आणि मागून काकांचा आवाज येत होता, ते कुणाला तरी विचारत होते, की पट्टी किती वाजता काढायची, नेमकं सांगा.