आमच्या पार्किंगचं शटर

ज्या वर्षी अण्णा, म्हणजे माझे वडील, शहरात माझ्याकडं राहायला आले, त्याच वर्षी आमच्या घरासमोरचा रस्ता डांबरी झाला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण गाडीत बसल्या बसल्या शटर उघडायची सोय मी करून घेतली ती या दोन्हींमुळं.

अण्णांचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. आमचं गाव सिल्लोडच्या बाजूला. त्या वर्षीच्या दुष्काळात पाणी आटलं, चारा मिळेना, तेव्हा त्यांनी आणि माझ्या भावानं कळप विकून टाकला. भाऊ गावातच मजुरी बघू लागला. आई आधीच गेली होती. मोकळे बसलेले अण्णा भावाला बघवेनात, म्हणून त्यानं त्यांना माझ्याकडं आणून सोडलं. मी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होते आणि शहराच्या कडेच्या सातारा परिसरात एका छोट्या रो-हाउसमध्ये एकटीच राहत होते. खाली पार्किंग, वर दोन खोल्या. पार्किंगला लोखंडी शटर, दुकानाला असतं तसंच.

मी घर घेतलं तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं. पुढं त्या रानाचे प्लॉट पडले आणि आमची गल्ली थेट बायपासला जोडली गेली. वाळूचे हायवा ट्रक, टँकर, शाळेच्या बस, सगळं दारावरून जायला लागलं. शटर उघडायला गाडी रस्त्यावर थांबवून उतरले की मागून हॉर्न सुरू. एकदा एका हायवानं माझ्या गाडीचा आरसाच उडवला आणि तो थांबलाही नाही.

अण्णा आल्यावर हे काम त्यांनी आपण होऊन स्वतःकडं घेतलं. माझी गाडी कोपऱ्यावर वळली की त्यांना आवाजावरून कळायचं. मी पोचेपर्यंत ते जिना उतरून शटर वर सारून, पटका सावरत बाजूला उभे असायचे. मी आत गेले की शटर खाली ओढायचे. दिवसा टँकर आला की त्यालाही तेच उघडून द्यायचे, कारण पाण्याचा हौद पार्किंगच्या फरशीखाली होता. टँकरवाल्याशी त्यांची चांगली ओळख झाली होती.

मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी मला आणि त्यांना समोर बसवून सांगितलं, जड काही उचलायचं नाही. अण्णांनी मान हलवली. टाके निघून दोन दिवस झाले नसतील, मी घरी आले तर शटर वर आणि अण्णा पोटाला हात लावून उभे.

"अण्णा, काय सांगितलं होतं डॉक्टरांनी?"

"उचलू नको म्हनला. मी कुठं उचलतोय? वर सारतोय नुसतं."

"तेच ते. पुन्हा टाके घालावे लागतील."

"मग तू काय रस्त्यात उभी राहशील? त्या टिपरच्या पुढं?"

दुसऱ्या दिवशी मी गाडी कोपऱ्यावरच लावून चालत आले. तरी ते खाली उभे होते. आवाज कोपऱ्यापर्यंत आला आणि पुढं का नाही आला, हे बघायला उतरले होते. तेव्हाच मी ठरवलं की शटरला मोटर बसवायची.

मोटर बसवणं सोपं होतं. एका सकाळी दोघं जण येऊन मोटर आणि जिन्यात तिचा खटका बसवून गेले आणि किल्लीच्या जुडग्याला अडकवायचे दोन रिमोट देऊन गेले. एकदा दाबलं की शटर वर, पुन्हा दाबलं की मध्येच थांबणार, पुन्हा दाबलं की खाली. पण पर्समधून रिमोट शोधेपर्यंत मागचा हॉर्न वाजायचाच. एकदा तो लॅबच्या एप्रनच्या खिशात राहिला आणि अण्णांनी जिन्यातल्या खटक्यावरून शटर उघडलं. त्यासाठी पुन्हा जिना उतरले, ते वेगळंच.

म्हणून मी उस्मानपुऱ्यात गाड्यांची वायरिंग करणाऱ्या एका चाचांकडं गेले. त्यांना सांगितलं, रिमोट गाडीतच बसवून द्या, हरवायला नको आणि सेल संपायला नको. त्यांनी डॅशबोर्ड बघितला. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला बटणांची एक रांग होती आणि त्यातली एक जागा कंपनीनं नुसतं प्लास्टिकचं झाकण लावून रिकामी ठेवली होती.

"इदरीच लगा देतूं बाजी," चाचा म्हणाले. "किसी को मालूम बी नै पडेगा."

त्यांनी एक रिमोट उघडून आतली छोटी हिरवी पट्टी बाहेर काढली. तिच्या बटणाच्या दोन टोकांना बारीक वायरी डाग देऊन चिकटवल्या आणि त्या गाडीच्या नव्या बटणाला जोडल्या. सेलच्या जागी गाडीच्याच बॅटरीतून वीज घेतली, मध्ये ती कमी करणारा एक छोटा डबा टाकला. चावी फिरवल्याशिवाय बटण चालणार नाही अशी जोडणी केली. सगळं करून झाल्यावर आम्हा दोघांच्या लक्षात आलं की हे चालतं का ते इथं कळणारच नाही, शटर तर घरी आहे. चाचा हसले आणि स्कूटर काढून माझ्या मागं निघाले.

घरासमोर येऊन मी बटण दाबलं. काहीच झालं नाही. गाडी शटरला टेकेपर्यंत पुढं नेली तेव्हा कुठं ते हललं. चाचांनी डोकं खाजवलं. डॅशबोर्डच्या आत पत्राच पत्रा, त्यात रिमोट कोंडला गेला होता. त्यांनी पुन्हा सगळं उघडलं, पट्टीची सिग्नल सोडणारी तार लांबवली आणि काचेच्या कडेनं वर नेऊन रबराखाली दडवली. मी गाडी मागं घेतली, कोपऱ्यापासून वळून आले आणि शेजारच्या घरापाशी असतानाच बटण दाबलं. शटर वर जायला लागलं. अण्णा गॅलरीतून वाकून बघत होते.

"कुनी उघडलं?"

"मीच. गाडीतून."

"बरं झालं," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांना खरंच बरं वाटलं असेल असं मला वाटलं. पण त्या आठवड्यात मी आले की ते खाटेवर पडलेले असायचे. चहा झालाय का विचारलं तर "व्हय" किंवा "नाय", तेवढंच. जेवण कमी झालं. जखम दुखतीय का म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. जखम छान भरली होती. परत येताना गाडीत ते अचानक म्हणाले, "टँकरवाला काल माघारी गेला. तू कामावर हुतीस. जिन्यातल्या अंधारात मला खटका घावंना."

मला हे सुचलंच नव्हतं. घरी आल्याबरोबर उरलेला रिमोट मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोरीत ओवून गळ्यात घातला, बंडीच्या आत. टँकर पुन्हा वेळेवर रिता होऊ लागला.

आणि त्यांनी मलाही उघडून द्यायचं ठरवलं, वर गॅलरीत बसून. मला ते ठाऊक नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावरून वळल्यावर त्यांनी दाबलं, शटर वर निघालं; त्याच वेळी मीही दाबलं, ते थांबलं. अडकलं समजून मी गाडी पुढं काढली, अण्णांनी पुन्हा दाबलं, आणि शटर खाली येऊन माझ्या बॉनेटवर टेकलं. मागं स्कूलबस. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, पोरं खिडकीतून बघतायत, वरून अण्णा ओरडतायत, "थांब, मी उघडतो!" आणि खालून मी, "तुम्ही हात लावू नका!"

बॉनेटला पोचा आला. वर गेल्यावर आम्ही दोघंही रागात होतो.

"अण्णा, एकानंच दाबायचं. गाडीत बटण कशाला बसवलंय मी?"

"मी घरात नसल्यावर," ते म्हणाले. "मी हाय तवर तू कशाला दाबतीस?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्या बटणाला हात लावायचं सोडलं. गाडी कोपऱ्यावर वळली की शटर आपोआप वर जायचं. लॅबमधली एक मैत्रीण एकदा सोबत आली होती, ती म्हणाली, तुझी गाडी लई भारी आहे गं, ओळखते वाटतं घर. अण्णांचं जेवण पहिल्यासारखं झालं. गल्लीतल्या बायका हौदावर पाणी भरायला आल्या की शटर किती वर ठेवायचं हेही तेच ठरवायचे.

पुढच्या पावसाळ्यात गावाकडं बरं पाणी झालं. भावानं कुणाच्या तरी भागीनं थोडी मेंढरं धरली आणि अण्णांना न्यायला आला. ते लगेच निघाले. तेव्हापासून काही वर्षं मी गाडीतलं बटण वापरलं. एकदाही बिघडलं नाही; चाचांचं काम पक्कं होतं.

गुडघे गेल्यावर अण्णा कायमचे परत आले. जिना त्यांना जमेना. म्हणून मी पार्किंग बंद केलं. शटर आणि मोटर काढली, रस्त्याच्या बाजूला भिंत घातली, तिला मोठी खिडकी ठेवली, आणि हौदाचं झाकण तेवढं मोकळं सोडून खाली त्यांची खोली केली. गाडी आता कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर उभी असते. तिथंही इमारत होणार आहे म्हणतात.

पहिल्या दिवशी खाट खिडकीशी लावून दिली तेव्हा ते बराच वेळ रस्ता बघत बसले. मग म्हणाले, "वरच्यापरीस हितं गार लागतंय." मी पंखा एक नंबरवर केला आणि भाकरी टाकायला वर गेले.