टाक्यांनंतरचा पहिला घास

डॉ. सुलभाताईंना मी प्रथम भेटले ती नोकरी मागायला. मांडवीच्या त्यांच्या दवाखान्यात शिरले, तेव्हा पोटावर ताजे टाके असलेल्या एका कुत्रीला त्या अंगणात हळूहळू फिरवत होत्या. मला वाटलं, मदतनीस असाव्यात. “बघतेस काय? सलाइनची बाटली धर,” म्हणाल्या. झाली माझी नेमणूक!

पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर कुत्र्याला उपाशी, बांधून ठेवायची तेव्हा सर्रास पद्धत होती. ताईंचं म्हणणं वेगळं. आधी दुखणं थांबवा, थोडं चालवा, आणि ओकारी थांबली की घासभर भरवा. आतडं कामाला लागलं की लवकर भरून येतं. अनेकांनी नाकं मुरडली. ताई वाद घालत बसल्या नाहीत.

पावसच्या अनंतकाकांचा वाघ्या तर मी विसरूच शकत नाही. आंबा खाऊन झाला की कोय कुत्र्यापुढे टाकायची, हा आपल्याकडचा लाड. वाघ्याने ती गिळली आणि आतडं तुंबलं. ताईंनी कुजलेला भाग काढून आतडं जोडलं. दुसऱ्या दिवशी पेज पुढे केली, तर वाघ्याने तोंड फिरवलं. खाल्लं नाही तर हा हातचा जाणार, ही धास्ती ताईंच्या चेहऱ्यावर दिसत होती.

“पोट आत्ताच शिवलंत नि लगेच पेज? टाके उसवतील हो, बाई!” काका रडकुंडीला आले.

“घरी कधी जेवतो हा?”

“मी जेवून उठलो की. त्याआधी तोंड लावायचा नाही कधी.”

“आणि तुम्ही कधी जेवलात?”

वाघ्या आजारी पडल्यापासून काकांच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

ताईंनी आपला डबा उघडला, काकांना घेऊन वाघ्यापाशी फरशीवर बसल्या. “आधी तुम्ही जेवा.” काकांनी डोळे पुसत भात कालवला. ते हात धुऊन आले आणि वाघ्याने मान उचलून पेज चाटली. मी तर रडलेच. पुढे त्याने अंगणात व्यवस्थित शी केली, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. ताईंनी चक्क पेढे आणवले!

तेव्हापासून प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना आम्ही विचारतो, हा जेवतो कधी आणि कुणाच्या हातचं.

ताईंना आता साठ वर्षं पूर्ण होताहेत. गुडघे कुरकुरतात, पण फरशीवर बसणं सुटलेलं नाही. काका हल्ली एकही जेवण चुकवत नाहीत, वाघ्या खोळंबतो ना! ताई, तुमच्यासाठी खोळंबणारे तर किती तरी आहेत. प्रकृतीला जपा, आणि आम्हांला खूप खूप वर्षं लाभा.