वाकड्या कडेची नोट

व्लास्टा कुचेराच्या बेकरीत पाव घ्यायला जा, ती आधी विचारणार, "आजोबांची ट्रंक उघडलीत का हो? जुनं बायबल झटकून पाहिलंत?" परगावचे लोक बिचकत. आम्हा लिपनिककरांना सवय होती. मंदीत बुडालेल्या आमच्या बँकेची नोट ती शोधत होती.

नेब्रास्कातल्या लहान गावांच्या बँकाही त्या काळी स्वतःच्या नावाच्या नोटा काढत. वॉशिंग्टनहून छापील ताव यायचे, कॅशियर त्यांवर शाईनं सही करायचा आणि मग नोटा कात्रीनं सुट्या व्हायच्या. लिपनिकचा कॅशियर म्हणजे व्लास्टाचा बाप. ती रांगत असतानाच तो गेला, पुढे घरही जळालं. बापाच्या हातचं एक अक्षर तिच्यापाशी नव्हतं.

ते होतं ओटो हलुपापाशी. हा ट्रॅक्टरवाला. चर्चच्या तळघरात जुन्या नोटा जमवणाऱ्या आम्हा नोटावेड्यांची बैठक भरे, तेव्हा ओटो ती एकुलती एक नोट पारदर्शक पाकिटातून सगळ्यांच्या हाती फिरवी आणि व्लास्टापर्यंत पोचायच्या आत परत घेई.

"विकतोस का रे?"

"तुला? मेल्यावर."

मी आयुष्य तंबूतल्या नाटकांत काढलेलं. असा खलनायक रंगात आलेला पाहून माझ्याच्यानं गप्प बसवेना. व्लास्टाला म्हणालो, "बाई, भांडू नकोस. त्या नोटेची एक कड वाकडी आहे ना? तिच्यावर बोल. हळू आवाजात, कॉफी ढवळत. टोमणा पहिल्या रांगेला मारायचा, हसू मागच्या रांगेतून आलं पाहिजे."

पुढच्या बैठकीत व्लास्टा कॉफी ढवळत म्हणाली, "ओटो, नोट कापलीय की उंदरानं कुरतडलीय रे?"

काय तो हशा! मी पडद्यामागे उभा असल्यासारखा सुखावलो. मग दर बैठकीला उंदीर हजर. ओटो कंटाळेल, नोट विकून टाकेल, असा आमचा डाव.

ओटो कंटाळला खरा. ओमाहा शहरातल्या नोटांच्या प्रदर्शनाआधी त्यानं पट्टी ठेवली, पातं घेतलं आणि कड सरळ करून टाकली. अरे देवा! जुन्या नोटेला पातं लावणं म्हणजे म्हाताऱ्या नटाच्या सुरकुत्या गवंड्याकडून लिंपून घेणं. ओमाहाच्या परीक्षकानं भिंग धरलं, "कुणी छाटली ही?" एवढंच विचारलं आणि नोट बाद करून टेबलावर उलटी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी बेकरीत असतानाच ओटो आला तो धुसफुसतच. नोट काउंटरवर आपटून म्हणाला, "घे! तुझ्या जिभेनं खाल्ली."

"बदल्यात काय हवं?"

"जर्दाळूचे कोलाचे, तुझे ते गोड पाव. दर शनिवारी, मी मरेपर्यंत. गरम."

व्लास्टानं हात ॲप्रनला पुसले, नोट उचलली. बापाच्या सहीवरून बोट फिरवलं. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिचा चेहरा उतरला.

"कड कुठाय?"

"छाटली. तूच तर दर वेळी—"

"गाढवा, ती माझी कड होती! बाबा सह्या करायचे, आई स्वयंपाकघरात बसून कापायची आणि मी तिच्या मांडीवर. मी लाथ मारली की कात्री घसरायची. आई नेहमी सांगायची."

"मग इतकी वर्षं उंदीर उंदीर काय चालवलं होतंस?"

"तू विकावीस म्हणून! कापावीस म्हणून नाही!"

दोघं माझ्याकडे वळली. मी विंगेत सरकावं तसा दाराकडे सरकलो.

ओटोनं टोपी काढली. आतल्या पट्टीतून चिमटीनं वाकड्या कडेची एक कागदी काडी ओढली आणि पुटपुटला, "आपल्यातलं कुणी काही टाकून देतं का कधी?"

भट्टीपासून लांब, सावलीच्या भिंतीवर व्लास्टानं चौकट लावली. आत नोट, आणि तिला खेटून ती वाकडी काडी. शनिवारी ओटो चौकटीखाली बसतो, कोलाचे खातो, वर बघतो आणि कॉफी ढवळत हळूच म्हणतो, "उंदरानं कुरतडल्यासारखी दिसते."

हसू भट्टीपाशी उभ्या व्लास्टाकडून येतं. अगदी मागच्या रांगेतून.