हिशेबाला माणूस

हिशेबाला माणूस कधी ठेवायचा, असं इंटिरियरच्या धंद्यात नव्यानं पडलेल्या मुली मला विचारतात. मी चटकन सांगते, "कुठल्या कामात पैसे सुटले आणि कुठल्यात बुडाले हे तुमचं तुम्हाला सांगता येईना, की त्याच महिन्यात ठेवा." हे उत्तर माझं नाही, आमच्या ऑडिटरांचं आहे. ते त्यांनी मलाही वेळेवर दिलं होतं. पण माझा हिशेब अप्पा लिहीत होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. हुबळीच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. आमची मंडळी काही पिढ्यांमागं कोल्हापूरकडून आली, ती कापडाचीच होऊन राहिली. दुकान बंद करावं लागलं, तरी अप्पा रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खोलीत बसायचे. जायला कुठं नव्हतं. ते बघून माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मला राग येतो. एकदा भांडल्यासारखंच म्हटलं, "अप्पा, माझ्या ऑफिसात बिलांचा उकिरडा झालाय. तुम्ही येऊन बघणार की नाही?" खरं तर तेव्हा माझ्याकडं एका स्वयंपाकघराचं काम होतं आणि सगळी बिलं एका पिशवीत मावत होती.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा केशवापूरच्या ऑफिसात येऊ लागले. महिनाभरात माणूस बदलला. प्लायवूडवाल्याशी घासाघीस करायचे, पडद्याचं कापड चिमटीत धरून "पहिल्या धुण्यातच आटणार हे" म्हणून परत पाठवायचे. गिऱ्हाईक हो-नाही करत बसलं, की "घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून" म्हणत त्याच्यापुढं चहा सरकवायचे. सुतार मला भीत नसत, अप्पांना भीत. आई गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी बघितलं नव्हतं.

हिशेब मात्र ते बस्त्याच्या रीतीनं लिहायचे. लग्नाचा बस्ता म्हणजे सगळ्या घराची कापडं एकदम घ्यायची, आणि त्यासाठी लोक दुकानात आधीच पैसे ठेवून जात. ते पैसे अप्पा कधी विक्रीत धरत नसत. लग्न मोडलं तर मुलीच्या बापाला एका शब्दानं न विचारता ते परत द्यायचे, ही त्यांच्या वडिलांपासूनची चाल. माझ्याकडं आलेला ॲडव्हान्सही त्यांनी तसाच वेगळ्या पानावर, ठेव म्हणून लिहिला. मी एकदा हसून विचारलं होतं, "घराचं काय लग्न मोडतंय, अप्पा?" ते म्हणाले, "काम पुरं होईपर्यंत पैसा त्यांचा. आपण नुसतं सांभाळायचं." मला ते ऐकून बरंच वाटलं होतं. अशा बापाची लेक आहे म्हणून मान ताठ व्हायची.

पुढं धंदा खरोखरच वाढला. उणकलच्या नव्या वसाहतीत एकामागून एक घरं मिळाली. ऑडिटर म्हणायचे, "मॅडम, आता शिकलेला माणूस ठेवा." मी म्हणायची, बघू. अप्पांच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं माझ्या डोळ्यांपुढं येईना. ती खुर्ची काढली, की ते परत पुढच्या खोलीत जाऊन बसणार, हे मला ठाऊक होतं.

मग एका मोठ्या घराचं काम आर्थिक वर्ष ओलांडून गेलं. ऑडिटरांनी बँकेचा उतारा जुळवायला घेतला तेव्हा कळलं, की ठेवीच्या पानावरची रक्कम त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आमच्यासारख्या कामात ॲडव्हान्स हातात पडला की त्यावर जीएसटी लागतो, काम होवो न होवो. तो भरलेला नव्हता. व्याज पडलं, आणि मागच्या कामांचंही सगळं उकरावं लागलं. ऑडिटर भला माणूस, त्यांनी अप्पांसमोरच शांतपणे समजावलं. अप्पा ऐकत राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्याच्या पैशावर आपण आधीच कर भरायचा? आणि त्यानं काम मोडलं तर?"

"त्यालाही नियम आहे, अप्पा," ऑडिटर म्हणाले.

"मला माहीत नव्हता." अप्पांनी समोरची वही मिटली. "म्हणजे इतके दिवस मी पोरीचं नुकसान करालोय."

मी नाही नाही म्हणाले. एवढं काही नाही, भरून टाकू म्हणाले. मला वाटत होतं त्यांनी भांडावं. कायद्याला शिव्या द्याव्यात, ऑडिटरांना चार शब्द सुनवावेत, माझ्यावर ओरडावं. ते नुसते म्हणाले, "अक्का, हिशेबाला माणूस घे. चांगला पगार दे त्याला." लाडात आले की ते मला अक्का म्हणायचे.

धारवाडहून एक बाई यायला लागल्या. कॉमर्स झालेल्या, कामाला चोख. मी सगळ्या युक्त्या केल्या. "अप्पा, त्या नुसतं कॉम्प्युटरवर चढवतील, लक्ष तुम्हीच ठेवायचं." अप्पांनी आयुष्यभर माणसांना कापड विकलं होतं, त्यांना माझी युक्ती कळणार नाही होय! आठवडाभर त्यांनी त्या बाईंना कुठली पावती कुणाची ते सांगितलं. मग एका दुपारी टेबलाचा खण रिकामा करून पुसला, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि समोरच्या सोफ्यावर येऊन बसले. तिथं आमची गिऱ्हाइकं बसतात. अप्पा त्यावर कधी बसले नव्हते.

मी म्हटलं, "उद्या चहाला तरी या." ते हसले आणि उठले.

माझे वडील माझ्याशी जन्मभर मराठीच बोलले. रागावले मराठीत, आई गेली तेव्हा रडले मराठीत. कानडी त्यांची दुकानातली, परक्या माणसाला मान देऊन बोलायची. दारात चपला घालून ते वळले, त्यांनी मला हात जोडले आणि म्हणाले, "बर्तेन्री, मॅडम." येतो, मॅडम. आवाजात टोमणा नव्हता. काम संपलेला माणूस मालकाचा निरोप घेतो, तसा त्यांनी माझा घेतला.

आणि मीही हात जोडले.